सूर्यास्ताचा तक्ता

जर्मनीला जायचं नक्की झालं आणि तवनाप्पा बोरगाव्यांनी पहिलं काम केलं ते सूर्यास्ताचा तक्ता काढायचं. व्हिसा नंतर, विमानाची तिकिटं त्याच्याही नंतर. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या जैनांच्या श्रावक स्नेह मंडळाची सात जोडपी दिवाळीचा पाडवा उरकून हायडेलबर्ग नावाच्या जुन्या शहरात जाणार होती आणि तिथले, आसपासचे किल्ले बघणार होती. चौदाही जणांचा नियम असा, की सूर्य मावळायच्या आत जेवण आटपायचं आणि मावळल्यावर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. नियम पिढ्यान्‌पिढ्यांचा होता, पण मंडळाचे अध्यक्ष झाल्यापासून तवनाप्पांना तो आपणच काढलाय असं वाटायला लागलं होतं.

तवनाप्पांचा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग करायचा कारखाना. केसाएवढा फरक असला तरी ते माल परत पाठवायचे आणि या गोष्टीची त्यांना भारी मिजास होती. कारखान्यातल्या टायपिस्ट बाईंनी इंटरनेटवरून वेळा काढून दिल्या. गुरुवार सहा सोळा, शुक्रवार सहा चौदा, शनिवार सहा बारा, रविवार पाच दहा. तवनाप्पांनी चष्मा कपाळावर सारला आणि कागद बायकोपुढं धरला.

"हे बघ. रोज दोन मिनिटं कमी, आणि रविवारी एकदम बासष्ट. सूर्य काय एसटी हाय, वाटेल तवा सुटायला?"

अरुणा भडंगाला फोडणी घालत होती. "इंटरनेटवर तसंच असंल तर?"

"इंटरनेटवर काय सगळं जाणणारे केवली भगवान बसल्यात व्हय? टायपिंगची चूक हाय ती."

त्यांनी तांबड्या पेनानं पाचाचा सहा केला, कारखान्यातल्या सवयीनं शेजारी सही ठोकली, आणि कागदाला प्लॅस्टिकचं लॅमिनेशन करून चौदा प्रती वाटल्या. खोट सापडल्याचा आनंद त्यांना दोन दिवस पुरला.

अरुणाला सूर्यास्ताची एवढी फिकीर नव्हती. तिला एक किल्ला बघायचा होता. ऐकणाऱ्याला हे फारसं काही वाटणार नाही, पण लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या या बाईनं सहली पुष्कळ केल्या होत्या आणि बघितली होती ती फक्त स्वयंपाकघरं. सोबत आपल्या बायका असताना बाहेरचं कशाला खायचं, हा मंडळाचा दुसरा नियम, आणि तो पहिल्यापेक्षा काटेकोर पाळला जाई. घरापासून तासाभरावरच्या पन्हाळ्यावर ती अकरा वेळा गेली होती. अकराही वेळा तिनं तटाच्या आडोशाला बसून स्टोव्हची ज्योत वाऱ्यापासून राखली होती. बाकीचे गड फिरून यायचे आणि भाकरी गरम आहे का विचारायचे.

या वेळी मात्र तिनं निघायच्या आधीच नवऱ्याला सांगून टाकलं. "रोजचं रांधीन. पण एक किल्ला मला हातात उलथनं न घेता बघायचाय."

"एक काय, धा बघ की," तवनाप्पा म्हणाले. द्यायला काही लागत नसलं की ते फार उदार होत.

हायडेलबर्गच्या जुन्या गावात तिसऱ्या मजल्यावर एक ऐसपैस घर भाड्यानं घेतलं होतं. सामान उघडलं तेव्हा त्यातून ज्वारीचं पीठ, लसूण न घातलेली शेंगाची चटणी, दोन कुकर, पोळपाट, पीठ मळायची काटवट आणि एक लोखंडी तवा निघाला. कपडेही होते थोडे. दगडी रस्ते, उतरत्या छपरांची घरं, नदीवरचा जुना पूल आणि डोंगरभर पिवळी-तांबडी झालेली झाडं हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होतं, म्हणजे अरुणाच्या वाट्याला निदान तेवढं तरी आलं होतं.

स्वयंपाकाच्या पाळ्यांचाही तवनाप्पांनी तक्ता केला होता. रोज दोन बायका, पाळीपाळीनं. फक्त प्रत्येक पाळीच्या खाली 'मार्गदर्शन : सौ. अरुणा' अशी एक ओळ होती. शुक्रवारी पाळीतल्या एकीचे गुडघे धरले, दुसरीला थंडी बाधली. शनिवारी ज्यांची पाळी होती त्या म्हणाल्या, वैनींच्या हातची चव आमच्या हाताला कुठली, आणि चवीचा मान राखून किल्ले बघायला गेल्या. सव्वापाचला पंगत बसायची म्हणजे दुपारी दोनला पिठात हात घालावा लागे. सकाळचा नाष्टा, बरोबर द्यायचे डबे, भांडी, आणि मग दोन. मार्गदर्शन दिवसभर चालायचं.

संध्याकाळी सगळे परत येऊन तिला फोनवर किल्ले दाखवत. नदीकाठी एका गावात म्हणे एकाच डोंगरावर ओळीनं चार किल्ले. अरुणानं फोटो मोठा करून बघितला. चारांपैकी अडीच किल्ले जिनगोंडा मास्तरांच्या पोटाआड गेले होते. हे मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले, मंडळाचे सल्लागार, आणि कुठल्याही फोटोत मधोमध उभं राहायचा त्यांना छंद.

"वैनी, तुमी बघाय पायजे होतं," मास्तर भाकरी मोडत म्हणाले.

"उद्या बघते की," अरुणा म्हणाली.

उद्या रविवार. शेवटचा दिवस, आणि गावावरच्या डोंगरातला मोठा किल्ला. सोमवारी सकाळी परतीचं विमान होतं. बाकीच्यांनी दुपारीच वर जायचं, अरुणानं चारपर्यंत स्वयंपाक करून झाकून ठेवायचा आणि डोंगर चढणाऱ्या छोट्या रेल्वेनं वर यायचं, तासभर किल्ला बघायचा, मग सव्वापाचला सगळ्यांनी मिळून खाली येऊन जेवायचं. सूर्यास्त सहा दहाला. तवनाप्पांनी हा बेत स्वतः आखून दिला होता. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

रविवारी सकाळी अरुणाला जाग आली आणि खिडकीत उजेड बघून ती चपापली. रोज सात वाजता मिट्ट काळोख असायचा, आज लख्ख.

"अहो, आज तासभर आधीच उजाडलंय."

"तुला झोप लागली नसंल," तवनाप्पा म्हणाले. त्यांचं मनगटी घड्याळ फोनच्या पुढं तासभर गेलं होतं. ते त्यांनी थंडीनं सेल बिघडला म्हणून फोनबरोबर जुळवून घेतलं. फोन खोटं बोलणार नाही आणि तक्ता तर त्यांच्या सहीचा. राहता राहिला सूर्य, तर त्याला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

अरुणाला घड्याळाची सवय तशी कमीच. तिचं माहेर हुपरीचं, वडील चांदीच्या पैंजणांचे कारागीर. घरातला सगळा कारखाना खिडकीतल्या उजेडावर चालायचा आणि उजेड कुठल्या भिंतीवर आला की किती काम उरलं हे त्या घरातल्या पोरींना चालायला लागल्यापासून कळायचं. कोल्हापुरातही फळीवरच्या डब्यांवर ऊन चढलं की ती तव्यावरची शेवटची भाकरी उतरवायची. इथं तिनं समोरच्या चर्चचा मनोरा धरला होता. ऊन त्याच्या घंटेच्या खिडकीशी पोचलं की सूर्याचा तास राहिला. शुक्रवारी तसंच झालं, शनिवारी तसंच झालं.

रविवारी चार वाजून दहा मिनिटांनी झुणक्यावर झाकण ठेवताना तिनं वर बघितलं, तर ऊन घंटेच्या खिडकीशी पोचलेलं. तिनं लगेच फोन लावला.

"अहो, या खाली सगळी. दिवस चाललाय. तास उरलाय, जास्तीचा न्हाय."

"तक्त्यात काय लिवलंय ते वाच," तवनाप्पांचा आवाज घुमत होता, कारण मंडळ त्या वेळी किल्ल्याच्या तळघरात होतं. तिथं दोन लाख लिटरच्या वर दारू मावेल असं जुनं लाकडी पिंप होतं आणि त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढावा की नाही, यावर मतभेद चालले होते.

"तक्त्यातलं न्हाय सांगत, खिडकीतलं सांगते."

"अगं, अजून दोन तास हायत. तू ये वर निवांत."

अरुणा फोन हातात धरून उभी राहिली. वाढपी म्हणून तिनं खाली थांबायचं म्हटलं तर किल्ला गेला, आणि उद्या सकाळी विमान. वर जावं तर सूर्य मावळायच्या आत तिचं जेवण व्हायचं नाही. एकतीस वर्षांत ती नवऱ्याच्या आधी कधी जेवली नव्हती. तसं कुणी सांगितलं नव्हतं, तसा तक्ताही नव्हता, पण वाढून होईपर्यंत दुसरं काही सुचायचंच नाही. शेवटी तिनं डब्यात चार भाकरी घातल्या, झुणका आणि चटणी घेतली. दोन भाकरी तिच्या, दोन त्यांच्या. बाकीचं सगळं झाकून, गॅस दोनदा तपासून ती जिना उतरली.

किल्ला तांबड्या दगडाचा होता आणि अर्धा पडलेला होता. एक बुरूज मधोमध चिरून निम्मा खाली खंदकात निजला होता. उभ्या भिंतींच्या खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. अरुणाला वाटलं होतं किल्ला म्हणजे काहीतरी अवघड असेल, समजावून घ्यावं लागेल. पण तिला तो बघताक्षणी आवडला. इतकं पडून झडून तो ताठ उभा होता आणि कुणाला त्याच्याकडून काही नको होतं. तिचे डोळे भरून आले. तिला स्वतःचंच हसूही आलं.

मंडळ बागेच्या टोकाला दगडी कठड्याजवळ उभं होतं. खाली गाव, नदी, जुना पूल, आणि पलीकडं पार सपाट मैदान. त्या मैदानावर सूर्य इतका खाली आला होता, की त्याच्याकडं उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं.

"आता तरी बघा," अरुणा म्हणाली.

सगळ्यांनी सूर्याकडं बघितलं, मग तवनाप्पांकडं. तवनाप्पांनी खिशातून तक्ता काढला. प्लॅस्टिकवर सूर्याची तिरीप पडून आकडे नीट दिसेनात, म्हणून त्यांनी सूर्याकडं पाठ केली आणि मग वाचलं. "सहा दहा. आता वाजलेत पावणेपाच. सव्वा तासाच्या वर हाय अजून."

"पण तो खाली गेलाय की," एक बाई हळूच म्हणाली.

"ते तसं दिसतंय," जिनगोंडा मास्तर पुढं आले. "हा मुलूख उत्तरेला. इथं सूर्य तिरका उतरतोय. खाली दिसला तरी मावळायला लई वेळ घेतोय. आणि धुकं असलं की जास्तच खाली दिसतंय."

धुकं कुठंही नव्हतं. पण अध्यक्षांची सही आणि मास्तरांचा भूगोल एका बाजूला आणि नुसता सूर्य दुसऱ्या बाजूला असल्यावर माणसानं काय करावं? सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सूर्याला पाठीमागं घेऊन एक फोटो काढला.

अरुणा कठड्याशेजारच्या बाकावर बसली आणि तिनं डबा उघडला.

"हे काय करालीस?" तवनाप्पांनी दबक्या आवाजात विचारलं.

"जेवते. तुमच्याबी दोन भाकरी आणल्यात. बसा."

"चारचौघांत? खाली पंगत सोडून? मी अध्यक्ष हाय, अरुणा. मीच आधी जेवाय बसलो तर तक्त्याला काय किंमत राहिली?"

"मग राहूदे तक्ता," ती म्हणाली आणि तिनं पहिला घास मोडला.

तिच्या आयुष्यातलं ते पहिलं जेवण, ज्यात ती मधेच उठली नाही. मीठ आणायला नाही, ताक वाढायला नाही. समोर सूर्य हळूहळू मैदानाला टेकत होता आणि किल्ल्याच्या भिंती आधी केशरी, मग गुलाबी होत होत्या. दोन भाकरी संपल्या. तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं. दोन भाकरी शिल्लक आहेत, हे त्याला दिसत होतं. त्याचा हात खिशातल्या तक्त्यावर होता आणि तो तिथून हलला नाही. बाईचा जीव तुटला, कारण माणूस भुकेचा कच्चा आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण डबा त्याच्यापुढं धरायला ती उठली नाही. तिनं पाणी पिऊन तोंड पुसलं, आणि मग नुसती बघत बसली.

सूर्य पाच दहाला मावळला. पूर्ण, नीट, कसलीही शंका न ठेवता.

गार वारा सुटला. मग सगळ्यांचे फोन बाहेर आले आणि कुणीतरी अपूर्वाला फोन लावला. अपूर्वा म्हणजे मंडळातल्याच एका घरची मुलगी, तिथं शिकायला होती आणि पहिले दोन दिवस वाट दाखवायला आली होती.

"अहो काका, इथं आज पहाटे सगळी घड्याळं तासभर मागं घेतली," ती म्हणाली. "दर वर्षी या दिवसांत घेतात. मी सकाळीच ग्रुपवर टाकलंय की."

ग्रुपवर शोधाशोध झाली. अपूर्वाचा निरोप खरंच होता. तो शेहेचाळीस 'शुभ सकाळ'च्या खाली गाडला गेला होता, आणि त्यातल्या नऊ एकट्या तवनाप्पांच्या होत्या.

खाली घरी येऊन तेरा माणसं झाकलेल्या भांड्यांभोवती बसली. झुणक्याचा वास खोलीभर होता. मास्तरांनी एक वाट काढून बघितली. नियम घेतलाय कोल्हापुरात, तेव्हा सूर्यही कोल्हापूरचाच धरावा. त्यावर एकानं हिशेब केला, की कोल्हापुरात आता रात्रीचे दहा वाजून गेलेत आणि त्या हिशेबानं गेले तीन दिवस आपण सगळे रात्रीचंच जेवतोय. मास्तरांनी सूर्य परत जर्मनीचा केला. भांडी तशीच राहिली. तवनाप्पा खिडकीकडं तोंड करून बसले होते आणि त्यांच्या पोटातला आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. अरुणाला त्यांची दया आली, रागही आला, आणि दोन्हींत तिला त्या रात्री झोप छान लागली.

कोल्हापूरला परतल्यावर आठ दिवसांत या गोष्टीचं रूप पालटलं. कसं पालटलं हे सांगता येणार नाही, पण मंडळाच्या सभागृहावर फ्लेक्स लागला तो असा : 'परदेशी भूमीवर सामूहिक उपवास करणाऱ्या श्रावक-श्राविकांचा भव्य सत्कार.' वर तवनाप्पांचा फोटो, मागं किल्ला, आणि किल्ल्यामागं मावळता सूर्य. पुढच्या रविवारी दुपारी चारला कार्यक्रम, त्यानंतर पावणेसहाच्या आत स्नेहभोजन. स्नेहभोजनाची जबाबदारी कुणावर हे फ्लेक्सवर लिहिलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. अरुणा अकरापासून सभागृहाच्या मागच्या स्वयंपाकघरात होती.

सव्वापाचला तेरा शाली पांघरून झाल्या. तवनाप्पांनी भाषणात सांगितलं, की त्या ऐतिहासिक किल्ल्यावर सूर्याला साक्षी ठेवून उपवासाची प्रेरणा कशी झाली. टाळ्या पडल्या. मग जिनगोंडा मास्तरांनी माइक घेतला आणि हसत हसत म्हणाले, "आमच्या अरुणावैनींना तेवढा उपवास झेपला न्हाय, त्यामुळं त्यांना शाल न्हाय. पण दोन शब्द त्यांनी जरूर बोलावंत. वैनी, काय काय बघितलासा जर्मनीत?"

अरुणाला आतून बोलावून आणलं. हाताला पीठ होतं. तिनं माइक हातात घेतला नाही, तशीच बोलली.

"मी एकच किल्ला बघितला. अर्धा पडलेला. तिथं बसून जेवले आणि सूर्य मावळताना बघितला. शेवटपर्यंत."

सभागृहात हशा झाला. मास्तर म्हणाले, "सूर्य बघाय जर्मनीला जावं लागतंय व्हय, वैनी? आपल्या रंकाळ्यावर दिसत न्हाय?"

"दिसत असंल की," अरुणा म्हणाली. "एकतीस वर्षं मी त्या वेळेला तुमच्या ताटात भाकरी वाढत असते."

मास्तरांनी माइक तवनाप्पांच्या हातात दिला आणि तवनाप्पांनी घड्याळ बघून सूर्यास्ताला चाळीस मिनिटं राहिल्याचं जाहीर केलं. माणसं पंगतीत बसली आणि सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघू लागली. अरुणा त्या दारातून बाहेर आली ती स्वतःचं ताट वाढून घेऊन. पंगतीकडं न वळता ती जिन्यानं गच्चीवर गेली. तिच्या मागून गुडघे दुखणाऱ्या काकू ताट घेऊन चढल्या, मग थंडी बाधलेल्या, मग एकेक करत सगळ्याच बायका. वाढायला शेवटी शाली सावरत सात पुरुष उठले, आणि कुणाला किती भाकरी लागते हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.